पिल्लाचा बयाणा परत करू का?

इचलकरंजीच्या एका ताईंनी विचारलंय. त्यांची पर्शियन भाटी, म्हणजे मांजरी, पहिल्यांदाच व्यायली, चार पिल्लं झाली. चौथ्या दिवशी तिच्या आचळांना सूज येऊन पू झाला, डॉक्टरांनी पिल्लांचं दूध तोडायला सांगितलं आणि ताईंनी चारही पिल्लं बाटलीवर वाढवली. आता ती अकरा आठवड्यांची आहेत. तिघांचा बयाणा घेतलाय, पहिलं पिल्लू पुढच्या रविवारी सांगलीला जायचंय. ताई लिहितात, "रोज रात्री रडू येतं. घरचे म्हणतात, मांजरच तर आहे. बयाणा परत करून चारही ठेवून घेऊ का? तुम्हाला एवढ्या वर्षांत सवय झाली असेल ना?"

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. सवय झाली नाही. नाशिकला सिडकोतल्या आमच्या घरात सोळा वर्षं पर्शियन मांजरं आहेत, नव्वदेक पिल्लं या दारातून बाहेर गेली. अजूनही पिल्लू न्यायला कुणी येणार असलं की आमचे हे खाली जाऊन स्कूटर पुसायला लागतात. त्यांना मांजरं आवडत नाहीत, असं ते सोळा वर्षं सांगतायत. स्कूटर मात्र लख्ख असते.

आईनं वाढवलेली पिल्लं जातात तेव्हाही वाईट वाटतं, पण हातावरच्या पिल्लांचं वेगळं असतं. त्याचं कारण सांगते, म्हणजे आपल्याला काय होतंय ते तरी कळेल. पहिले दोन आठवडे तुम्ही काय केलंत आठवा. दर दोन-अडीच तासांनी उठायचं. आधी पिल्लाच्या पोटाला हात लावून अंग ऊबदार आहे ना बघायचं, कारण गार पडलेल्या पिल्लाला पाजलेलं पचत नाही. मग पालथं धरून पाजायचं, उताणं धरलं आणि ठसका लागला तर दूध फुप्फुसात. मग कोमट ओल्या कापसानं पुसून शी-शू करवायची, वजन करायचं, वहीत लिहायचं, आणि दुसरं उचलायचं. चौथ्याचं आटोपेपर्यंत पाऊण तास गेलेला असतो. बाटल्या उकळून आडवं पडावं तोवर पहिलं परत ओरडायला लागतं.

वही तुमच्याकडेही असणारच. माझ्याकडे प्रत्येक वेताची एक आहे. जन्मतः साधारण शंभर ग्रॅमचं पिल्लू रोज दहा-पंधरा ग्रॅमनं वाढायला हवं. एका वहीत ओळीनं १०४, ११२, ११२, १०९ असे आकडे आहेत. बाहेरच्याला त्यात काही दिसणार नाही. मला ती १०९ ची रात्र दिसते. ओट्यावरचा पिवळा दिवा, टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली, आणि ड्रॉपरनं थेंब थेंब पाजताना त्याच्या जिभेची हालचाल होतेय का हे बघत मी उभी.

हे अंगात मुरतं. पाच-सहा आठवड्यांनी पिल्लं ताटलीत खायला लागतात तरी मला पावणेतीनला जाग येतच राहते. पिल्लू गेल्यावरही येते. दिवसा कामात ठीक असते हो मी, पण पावणेतीनला उठून बसलं आणि आता कुणाला काही पाजायचं नाहीये हे लक्षात आलं की मग आवरत नाही. तुम्हीही रात्री रडता असं लिहिलंयत, त्यात विचित्र काही नाही. घरच्यांना एक रात्र गजर लावून उठायला सांगा, "मांजरच तर आहे" बंद होईल.

आता थोडं कडू बोलते. हे दुःख खरं आहे, पण ते सगळं आपलं, माणसाचं आहे. पिल्लाच्या वाट्याला त्यातलं फार थोडं येतं. हे मला एका पिल्लानं आणि त्याच्या आईनं शिकवलं, आणि त्यात माझी अक्कल चांगलीच निघाली.

ते पिल्लू म्हणजे १०९ वालंच. त्या वेताची नावं भाज्यांची होती, भेंडी, दोडका, घेवडा आणि हे कारलं. (नावं ठेवू नका, जीव लागतो, असा सल्ला तुम्हाला मिळाला असेल. बिनधास्त ठेवा. जीव पाजताना लागतो, नावानं काही फरक पडत नाही. आणि नव्या घरी निम्म्या बोक्यांचे लिओ होतात ते होतातच. दोडका तेवढा ठाण्यात अजून दोडकाच आहे.) सिझर झालेल्या आईला दूध उतरलं नव्हतं, म्हणून चौघंही हातावर. आठवा आठवडा सरत असताना एक गृहस्थ आले. मुलीचा वाढदिवस परवा होता, तिला पिल्लू भेट द्यायचं होतं. वाढदिवसाची भेट म्हणून जिवंत प्राणी मला तेव्हाही पटत नव्हता, वयही लहान होतं. तरी मी कारलं देऊन टाकलं. खोटं कशाला सांगू, रोज त्याच्याकडे बघून गळा दाटून यायचा, तो त्रास मला नको झाला होता. दात काढायला गेल्यासारखं, एकदाचं होऊन जाऊ दे असं झालं होतं.

नवव्या दिवशी फोन आला. मुलीचे दोन्ही हात ओरबाडलेले, पिल्लू हात दिसला की चावतं, पोरगी पलंगावरून खाली उतरेना. चूक त्या लोकांची नव्हती. बाटलीवर असल्यापासून मी त्याच्याशी बोटांनी खेळले होते. माझ्या बोटाला त्याचे सुईसारखे दात लागायचे आणि मला कौतुक वाटायचं. भावंडाला जोरात चावलं की ते ओरडतं, खेळ सोडून जातं. मोठी मांजर थेट थप्पड देते. एवढंच आहे मांजरांचं शाळा-कॉलेज, आणि ते आठव्या आठवड्यानंतरच खरं रंगात येतं. हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये पाच हजार सातशेच्या वर मांजरांची माहिती मालकांकडून घेऊन तपासली. आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेल्या मांजरांमध्ये आक्रमकपणा जास्त दिसला, आणि पिल्लं चौदा आठवड्यांपर्यंत थांबवावीत असं त्यांनी सुचवलं. माझं पिल्लू तर वयाच्या हिशेबात काठावर होतंच, वर हातावरचं. ते ना धड मांजरांत वाढलं होतं, ना माणसांत.

मी जाऊन कारलं परत आणलं. रिक्षात वाटभर माझ्या डोक्यात एकच चित्र, आई आणि लेकरू भेटणार. घरात शिरल्या शिरल्या टोपली उघडून त्याला आईसमोर ठेवलं. बाहेरून आलेलं पिल्लू निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचं असतं. कुत्र्यांच्या पार्व्होसारखा मांजरांचा पॅनल्युकोपेनिया हा जीवघेणा आजार किंवा पावसाळ्यातलं गजकर्ण घेऊन आलं तर घरातली सगळी झोपतात. हे मी इतरांना बजावून सांगत असे, आणि त्या दिवशी माझ्या डोक्यातही आलं नाही.

आई आली. तिनं त्याच्या मानेचा वास घेतला, शेपटीकडचा घेतला. मग कान मागे चिकटवले, फिस्स केलं आणि त्याच्या तोंडावर एक ठेवून दिली. पिल्लू फ्रिजच्या मागे. ती शांतपणे जाऊन खिडकीत बसली आणि पंजा चाटायला लागली.

मांजर आपलं माणूस, आपलं पिल्लू ओळखतं ते मुख्यतः वासावरून. नऊ दिवसांत कारल्याच्या अंगाचा आमच्या घराचा वास गेला होता, दुसऱ्यांच्या साबणाचा, बिछान्याचा, स्वयंपाकाचा आला होता. तिच्या लेखी ते परकं पिल्लू. मी ओट्याला टेकून उभी होते आणि मला रडू यायच्या ऐवजी हसू आलं, जरा ओशाळं. नऊ रात्री मी तिच्या वतीनंही रडले होते.

आपल्याकडे म्हणतातच, मांजरी पिल्लांना सात घरं दाखवते. माझी आजी सांगायची तेव्हा मला वाटायचं, बिचारी, एवढी वणवण. आता वाटतं, किती व्यवहारी जनावर आहे. आपण बिऱ्हाड एकदा हलवताना आजारी पडतो, ती तोंडात धरून सात वेळा हलवते आणि शेवटी शिकार शिकवून झाली की फिस्स करून हाकलते.

यालाच धरून एक. लोक पिल्लू नेताना हमखास म्हणतात, "ताई, पाठवणी आहे आज!" मला ती उपमा मुळीच आवडत नाही. मुलगी सणावाराला माहेरी येते. मांजर माहेरपणाला येत नाही आणि आणूही नये. त्याला जागा बदलण्याचाच त्रास जास्त असतो, तो एकदा झाला तेवढा बास.

तर तुमच्या हातावरच्या पिल्लांसाठी करायचं काय, तर त्यांना तुमच्यापासून हळूहळू सोडवायचं. पाचव्या आठवड्यापर्यंत जितकं जवळ घेतलं तितकं चांगलंच. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लू माणसांना सरावतं, ते तुमच्याकडून आपोआप झालंय. पुढे आपण मागे सरायचं. मी सहाव्या आठवड्यापासून खायला घालायचं काम घरातल्या वेगळ्या माणसाला देते, कधी शेजारच्या मुलाला. ती रात्री माझ्या उशाशी झोपत नाहीत, माझं दार बंद असतं. (पहिल्या रात्री दारापलीकडे चौघं रडतात, अलीकडे मी.) हातानं खेळणं बंद, काठीला दोरी आणि दोरीला चिंधी. न्यायची टोपली महिनाभर आधीपासून हॉलमध्ये उघडी पडलेली असते, तिच्यात कधीकधी खाऊ मिळतो, म्हणजे जायच्या दिवशी ती शिक्षा वाटत नाही. कुकरची शिट्टी, मिक्सर, दाराची बेल, सगळं कानावरून जाऊ देते. तुमची भाटी सूज उतरल्यावर पिल्लांबरोबर राहिली असेल तर अर्धं काम तिनं केलंय. तुमच्याकडे अजून थोडे दिवस आहेत. रविवारचं पिल्लू दोन आठवडे उशिरा दिलं तर सांगलीकरांचं काही बिघडत नाही. दुसरी लसही तुमच्याच डॉक्टरांकडे होईल.

बयाणा परत करण्याबद्दल. चारही ठेवू नका. हे मी अनुभवानं सांगते. सुरुवातीच्या वर्षांत मी असंच रडून रडून पिल्लं ठेवून घेतली आणि तीन खोल्यांच्या घरात अकरा मांजरं झाली. मग दोन भाट्या एकमेकींना बघून फिसकारू लागल्या, एक बोका पडद्यांवर फवारे मारायचा, आणि दुसरा, सगळ्यात गरीब स्वभावाचा, एका सकाळी मातीच्या ट्रेमध्ये बसून राहिला. लघवी होईना. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबली की एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. डॉक्टरांनी नळी घालून मोकळी केली आणि विचारलं, घरात किती मांजरं आहेत? मी आकडा सांगितल्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून पुसला. ताणानं मांजरांच्या मूत्राशयाला सूज येते, हे तेव्हा नीट कळलं. प्रेमापोटी ठेवली होती ना मी सगळी. सगळ्यात सोशिक होता, त्यालाच भोगावं लागलं.

एक ठेवायचं असेल तर ठेवा, बयाणा न घेतलेलं चौथं. हिशेब साधा आहे, जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, आणि प्रत्येकाला दुसऱ्याच्या नजरेआड बसता येईल अशी जागा. एवढं जमत असेल तर खुशाल. आणि उरलेल्या तिघांतली दोन एकाच घरी जात असतील तर फार उत्तम, हातावरच्या पिल्लांना सोबत भावंड असलं की माणसाच्या हाताचा चावा कमी होतो. सांगलीकरांना विचारून बघा. दोन पिल्लांचा उद्योग एकापेक्षा थोडाच जास्त असतो.

घर बघताना मात्र तुमचं रडू उपयोगी पडू द्या. मी खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी आहे का याचा फोटो मागते. चौथ्या मजल्यावरून कबुतरामागे गेलेलं मांजर मी बघितलंय. दिवाळीत गावाला जाता तेव्हा ते कुणाकडे राहणार, उन्हाळ्यात दुपारी घरात गारवा असतो का, नसबंदी कधी करणार, हेही विचारते. पर्शियनला रोज विंचरावं लागतं हे स्पष्ट सांगते आणि समोरच्याचा चेहरा बघते. दोनदा घरी येऊन पिल्लाबरोबर बसल्याशिवाय देत नाही. "ट्रॅव्हल्सच्या गाडीनं पार्सल पाठवा" म्हणणाऱ्याशी पुढे बोलणंच होत नाही. आणि एक गोष्ट लिहून घेते, काहीही झालं तरी पिल्लू माझ्याकडेच परत यायचं, कारण न विचारता.

यावरूनच पिल्लू द्यायच्या दिवसाचं सांगते. नेणाऱ्यांसमोर रडू नका. मन घट्ट दिसावं म्हणून सांगत नाही हो. मी पूर्वी भरपूर रडायचे, आणि मग लक्षात आलं की ज्यांच्यासमोर मी रडले ते लोक नंतर अडचण आली तरी फोन करत नाहीत. त्यांना वाटतं, ताईंनी काळजाचा तुकडा दिला आणि आपण त्याला जुलाब लावून बसलो. तीन दिवस घरगुती उपाय करत राहतात. त्यामुळे आता मी बाथरूममध्ये नळ सोडून आधीच रडून घेते, आणि दारात हसतमुख उभी राहते.

निघण्याआधी तीन-चार तास पिल्लाला खायला देऊ नका, गाडीत उलटी होते. आईच्या अंथरुणातलं न धुतलेलं फडकं, त्याच्या ट्रेमधली थोडी माती आणि आठ-दहा दिवस पुरेल एवढं तेच खाणं बरोबर द्या. नव्या घरी पहिले काही दिवस एकच खोली. पहिल्या रात्री फोन येईल, "ते पलंगाखाली गेलंय, येतच नाहीये." राहू द्या म्हणावं. बहुतेक पिल्लं दोन-तीन दिवसांत खातात, आठवड्यात सोफ्यावर असतात. तुमची भाटी एक-दोन दिवस घरभर ते घुर्रर्र करत हाका मारत फिरेल, कपाटामागे बघेल. तेवढं सोसावं लागतं. म्हणून सगळी पिल्लं एकाच दिवशी देऊ नका, मध्ये आठवडा जाऊ द्या, तिच्यासाठी आणि तुमच्यासाठी. तुम्ही रोज फोटो मागू नका. मी तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी विचारते, बाकी त्यांना वाटेल तेव्हा. सुरुवातीला खूप फोटो येतात, मग महिन्याला एक, मग बंद. बंद झाले की समजायचं, त्यांच्या घरात ते आता नवीन राहिलं नाही.

पैशाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. पोरासारखं वाढवलं आणि पैसे घेतले, असं कुणीतरी बोलेलच. दूध पावडर, सूज झालेल्या आईची औषधं, लसी, जंतांची औषधं यांचा खर्च मांडून बघा, हातावरच्या वेतात फारसं काही उरत नाही. फुकट दिलेलं पिल्लू लोक सांभाळत नाहीत असं मी म्हणणार नाही, रस्त्यावरची कितीतरी पिल्लं मी तशीच दिली आणि ती राजासारखी राहतात. पण घेतलेत तर मान खाली घालू नका.

आणि शेवटचं पिल्लू गेल्यावर रात्री सलग आठ तास झोप लागेल, सकाळी घर स्वच्छ दिसेल, आणि तुम्हाला चक्क बरं वाटेल. त्याचीच मला पहिल्या वेळी सगळ्यात जास्त लाज वाटली होती. वाटू द्या बरं. भाटीचं पुढचं वेत मात्र याच भरात ठरवू नका. तिची आचळं एकदा पिकलीत, डॉक्टरांशी बोला, नसबंदीचाही विचार करा. दूध पाजायची हौसच असेल तर प्रत्येक पावसाळ्यात कुणीतरी खोक्यातून पिल्लं आणून सोडतंच. माझ्याकडेही आत्ता दोन आहेत, गल्लीतली, अंदाजे बारा दिवसांची, एकाचे डोळे कालच उघडले. ही ओळ लिहिताना दोनदा उठले.

कारलं पुढे पाच महिन्यांचं होईपर्यंत आमच्याकडेच होतं. म्हाताऱ्या बोक्यानं थपडा देऊन त्याला माणसात, म्हणजे मांजरात, आणलं. मग देवळालीच्या एका निवृत्त जोडप्याकडे गेलं. दोन वर्षांनी मी त्यांच्याकडे चहाला गेले होते. त्यानं माझ्या बोटांचा वास घेतला, जरा विचार केला आणि फ्रिजवर जाऊन बसलं.

जायच्या दिवशी सांगलीकरांना लसीचं कार्ड द्या, आणि वजनांची वही मागितली तर तिची झेरॉक्स काढून द्या. मूळ वही तुमच्याकडे ठेवा.